पातीला झाकण, सालीला आच

कोकणातल्या जुन्या घराच्या मागे एक फेरी मारली तर काढ्याचं निम्मं सामान हाताला लागतं. न्हाणीच्या पाण्यावर माजलेला गवती चहा, वृंदावनातली तुळस, गडग्याला लागून अडुळसा, पोफळीवर चढलेली मिरीची वेल, माडांच्या सावलीत जायफळ नि दालचिनी, आणि परसाच्या टोकाला रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड. एवढं वैभव असूनही पेल्यात जे येतं ते बहुतेक घरांत एकाच चवीचं असतं: तपकिरी, घशाला झोंबणारं, मागाहून कडवट लागणारं आणि गुळाच्या जोरावर कसंबसं खाली उतरणारं. जे जे मिळालं ते सगळं एका पातेल्यात एकदमच पडतं आणि पाणी निम्मं होईपर्यंत खळखळत राहतं, म्हणून हे होतं.

उकळताना घरभर वास सुटतो आणि करणाऱ्याला वाटतं, काढा जमला. घरभर सुटलेला वास म्हणजे पेल्यातून निघून गेलेला ऐवज. गवती चहा, तुळस, पुदिना यांचा सगळा जीव त्यांच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर पहिल्या काही मिनिटांतच निघून जातं. गवती चहाचं तेल काढणारे कारखाने याच गुणावर चालतात. ते वाफ कोंडून गार करतात आणि तेल वेगळं करतात. आपण उघड्या पातेल्यातून ते कौलांना अर्पण करतो. मागे उरतो तो पानांचा हिरवट तुरटपणा. सालीचं, मुळाचं, सुंठीचं मात्र उलटं आहे. त्यांना पाच मिनिटं गरम पाण्यात बुडवून ठेवलं तर पाण्याला नुसता रंग येतो. त्यांना आच हवी, वेळ हवा. म्हणून कुठली वनस्पती कशावर चालते हे विचारण्याआधी आपल्या हातात तिचा कोणता भाग आहे ते बघावं.

जुन्या वैद्यांनी हे केव्हाच नीट मांडून ठेवलं आहे. शार्ङ्गधरसंहितेत काढा, फांट आणि हिम हे तीन प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. काढ्याला एक भाग भरड आणि सोळा भाग पाणी, ते आटवून आठवा हिस्सा उरवायचं. फांटाला एक भाग भरडीवर चार भाग गरम पाणी ओतायचं आणि गाळायचं, आटवायचं नाही. हिमाला एक भाग भरड सहा भाग गार पाण्यात रात्रभर भिजत ठेवायची. मात्र ही मापं औषधाची आहेत हे विसरू नये. तिथे भरडीचा एक भाग म्हणजे एक पळ, आणि पळ हे जुनं वजन आजच्या हिशेबात सुमारे ४८ ग्रॅम धरतात. एका पेल्याला तेवढा गवती चहा घातला तर पाहुणा दुसऱ्यांदा फिरकणार नाही. रोज आवडीने प्यायच्या पेयाला त्याचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो. पद्धत वैद्यांची घ्यावी, प्रमाण आपलं ठेवावं.

२०२० मध्ये आयुष मंत्रालयाने जो काढा सुचवला त्याचंही माप साधंच होतं: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि काळी मिरी १, आणि त्या मिश्रणाचे ३ ग्रॅम १५० मिलिलिटर पाण्याला. घरोघरी ते मुठीवर गेलं. त्यात लवंगा पडल्या, ओवा पडला, गुळवेल पडली, हळद पडली आणि दिवसातून तीनतीनदा ते पिऊन लोकांची तोंडं आली. बिचाऱ्या तुळशीला उगाच बोल लागला.

गवती चहापासून सुरुवात करावी, कारण तो चुकला तरी फार बिघडत नाही आणि जमला तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पाती घेताना बुंध्यापासून चार बोटं सोडून विळीने किंवा कात्रीने कापावी. ओढून तोडली तर गड्डा हलतो आणि पातीची कड बोट कापते. कोवळी फिकट पाती दिसायला छान, पण गंधाने पोचट. पुरती वाढलेली, गर्द हिरवी, शेंड्याला वाळायला न लागलेली पाती निवडावी. जिच्यावर तांबूस तपकिरी ठिपके आहेत ती पाती तांबेऱ्याची, ती टाकून द्यावी. पाती दोन बोटांत धरून एकदा पिळावी आणि नाकाशी न्यावी. लिंबाच्या सालीसारखा धारदार वास आला तर माल चांगला. तो वास सिट्रल या घटकाचा आहे, लिंबाच्या सालीतही तोच असतो. नुसता कापलेल्या गवताचा वास आला तर पाती तरी म्हातारी आहे किंवा झाड सावलीत वाढलेलं आहे. भर उन्हातल्या गड्ड्याला गंध जास्त. न्हाणीच्या पाण्यावर तो जोमात वाढतो हे खरं, पण त्या पाण्यात आता साबण आणि शाम्पू असतो. खायच्या पातीसाठी एखादा गड्डा तरी चांगल्या पाण्याच्या वाटेवर लावावा.

एका मोठ्या पेल्याला, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर पाण्याला, वीतभर लांबीच्या तीन-चार पाती पुरतात. त्या धुऊन घ्याव्यात, हाताने एकदा मुरगाळाव्यात म्हणजे पेशी फुटतात, आणि मग कात्रीने बोटभर तुकडे करावेत. आधी कापून तासभर ठेवलेली पाती अर्धी मेलेली असते. पाणी वेगळं उकळावं, गॅस बंद करावा, पाती घालावी, आणि लगेच घट्ट बसणारं झाकण ठेवावं. सात-आठ मिनिटं पुरे. झाकण उघडताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब बघा. तेल त्यांच्यात असतं. ते ओट्यावर झटकू नयेत, पातेल्यातच पाडावेत. गाळलेलं पाणी फिकट पिवळसर दिसतं. रंग हिरवा-तपकिरी आला तर समजावं की पाती उकळली गेली. रंगावर पेय जोखायची आपल्याला कोऱ्या चहाने लावलेली सवय इथे फसवते. गवती चहाचं उत्तम पेय जवळपास पाण्यासारखंच दिसतं.

बुंध्याजवळचा पांढरट जाड भाग मात्र वेगळा वागतो. तो दणकट असतो. तो ठेचून पाण्याबरोबरच पाच मिनिटं उकळावा आणि पाती मागाहून घालावी. एकाच झाडाच्या दोन टोकांना दोन रीती लागतात.

चहापावडर घालून करायचा असेल तर क्रम असा ठेवावा: पाणी, ठेचलेलं आलं आणि बुंधा आधी, उकळल्यावर दूध, एक उकळी, मग चहापावडर, आणि गॅस बंद करताना पाती. झाकण ठेवून तीन मिनिटं. आलं आणि दूध यांचं भांडण पुष्कळ घरांत रोज होतं. ताज्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक द्रव्य असतं. आलं थेट कोमट दुधात पडलं की दूध फाटतं. आधी पाण्यात चांगलं उकळलं की ते द्रव्य निकामी होतं आणि दूध शाबूत राहतं. गुळाचंही तसंच आहे. गूळ घालून दूध उकळत ठेवलं तर ते फाटू शकतं, म्हणून गूळ खाली उतरवल्यावर घालावा.

तुळशीला गवती चहाचाच नियम, पण वेळ कमी. पेल्याला आठ-दहा पानं, हाताने तोडून, गरम पाण्यात झाकून पाच मिनिटं. कृष्ण तुळस तिखट, लवंगेच्या अंगाने जाणारी; राम तुळस सौम्य. रोजच्याला राम, सर्दीला कृष्ण, असं माझं मत. मंजिऱ्या पक्व झालेल्या फांदीची पानं कडवट होतात, म्हणून प्यायला लागणाऱ्या तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात. पानओव्याची मांसल, लवदार पानं असतात, त्यांपैकी एकच पान पेल्याला पुरतं. दोन घातली की पेय जाऊन पोटदुखीचं औषध होतं.

दालचिनीच्या झाडाचं पान ही कोकणची खास चैन आहे. आपल्याकडे तमालपत्र म्हणून घरचं म्हणजे बहुधा हेच पान वापरतात. उत्तरेकडचं तेजपत्ता वेगळ्या पण त्याच घराण्यातल्या झाडाचं. या पानावर देठाकडून शेंड्याकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात. चुरगळलं की वास दालचिनीचा न येता लवंगेचा येतो, कारण सालीत सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य प्रमुख आणि पानात लवंगेतलं युजेनॉल प्रमुख. ताजं एक पान फाडून दोन पेले पाण्यात मंद आचेवर झाकून पाच-सहा मिनिटं ठेवावं. हे पान चिवट असल्यामुळे त्याला थोडी आच चालते. वाळल्यावर त्याचा लवंगी तिखटपणा कमी होतो आणि पेय गोलसर लागतं. माझ्या मते ओल्यापेक्षा महिनाभर वाळलेलं पान पेयाला सरस.

सालीकडे वळू. बाजारात दालचिनी म्हणून जे जाड, लाकडासारखं, एकाच थराचं, गुंडाळी न सुटणारं मिळतं ते बहुतेक वेळा कॅशिया, म्हणजे त्याच घराण्यातल्या दुसऱ्या झाडाची साल, असतं. खऱ्या दालचिनीच्या नळीत कागदासारख्या पातळ साली एकात एक गुंडाळलेल्या असतात आणि ती बोटांनी सहज चुरते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात काढली आहे आणि कोकणातल्या बागांतून माडांच्या सावलीत ती लावतात. हा फरक चवीपुरता नाही. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य भरपूर असतं आणि रोज, महिनोन्‌महिने घेतलं तर ते यकृताला जाचक ठरू शकतं. खऱ्या दालचिनीत ते अत्यल्प. कधीमधी मसालेभातात कॅशिया चालेल. रोजच्या पेयाला नको.

दोन पेल्यांना दीड बोट लांब तुकडा, हाताने मोडून, गार पाण्यात घालून मग गॅस लावावा. बारीक आचेवर, झाकण ठेवून, दहा-बारा मिनिटं. पाणी गार असतानाच घातलेली साल हळूहळू सुटते आणि गोडवा देते. उकळत्या पाण्यात टाकली तर आधी तिखटपणा सुटतो. दालचिनीची पूड वापरू नये. पूड पाण्यात बुळबुळीत होते, तळाला चिकट गाळ बसतो आणि गाळणीतून काही उतरत नाही. उरलेला तुकडा वाळवला तर दुसऱ्या खेपेला चालतो. तेव्हा पाच मिनिटं जास्त द्यावीत.

आलं आणि सुंठ यांना एकमेकांच्या जागी घालताना हात आखडता ठेवावा. वाळताना आल्यातलं जिंजरॉल हे तिखट द्रव्य काही प्रमाणात शोगाओलमध्ये बदलतं आणि ते जास्त जहाल असतं. दोन पेल्यांना बोटाच्या पेराएवढं आलं, सालीसकट धुऊन ठेचलेलं. त्याच जागी सुंठ असेल तर पाव चमचा पुष्कळ. आलं किसलं तर रस लवकर उतरतो, पण पेय गढूळ होतं, ठेचलेलं बरं. मिरी दोन पेल्यांना चार दाणे, अर्धवट कुटलेली, शेवटच्या तीन मिनिटांत. ती आधीपासून उकळली तर जळजळ राहते आणि सुवास जातो. वेलदोडा सालीसकट चेचून, अगदी उतरवताना. जायफळाबाबत मात्र खरोखर जपावं: सहाणेवर दोन वळसे, बस. जास्त जायफळ अंगावर येतं, मळमळतं, डोकं गरगरतं, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

आता रातांबा. कोकमाची सोलं म्हणजे आमसुलं पेयात घालायची तर ती सरबताच्या हिशेबाने न घालता फांटाच्या हिशेबाने घालावीत. चांगलं आमसूल काळपट जांभळं, मऊ, बोटाला किंचित चिकटणारं असतं. तपकिरी पडलेलं, कडक, फिक्या पावडरीसारखा थर दिसणारं असेल तर एकतर जुनं आहे किंवा त्यावर मीठ उठलं आहे. मीठ चाटून कळतं, बुरशी वासाने. दोन पेल्यांना चार-पाच सोलं धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं झाकून ठेवावीत आणि मग चमच्याने दाबून गाळावीत. उकळू नये. कोकमाचा लाल रंग उष्णतेने मरतो, पेय विटकरी होतं आणि तुरटपणा पुढे येतो. अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची भरड, चिमूट मीठ, गूळ चवीपुरता. बाजारातल्या सोलांत मीठ असतंच, म्हणून मिठाचा हात चाखल्यावरच सोडावा. यात दूध घालायचा विचारही करू नये.

कोकम आलं की भांड्याचा प्रश्न आलाच. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ कळकतो हे घरातल्या थोरल्या बायांना पुस्तक न वाचता माहीत असतं; तांबं आंबटात उतरतं, चव धातूची होते आणि पोट बिघडतं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यातही आंबट ठेवू नये. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं, काचेचं भांडं किंवा चिनी मातीचा जग, यांपैकी काहीही चालेल. मातीचं भांडं उत्तम, पण ते एकाच पेयाला वाहिलेलं असावं, कारण माती वास धरून ठेवते आणि कालचा अडुळसा आजच्या गवती चहात डोकावतो.

पाण्याकडे कोणी लक्ष देत नाही. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा हलकं, क्षार कमी असलेलं, आणि पेयाला ते फार मानवतं. गंध आणि रंग त्यात मोकळे उतरतात. पण खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्यात दालचिनी कशीबशी तगते, गवती चहा तर पार बसतो. कितीही पाती वाढवली तरी पेय सपक लागतं आणि दोष पातीवर जातो. अशा दिवसांत पेयापुरतं गोडं पाणी वेगळं भरून ठेवावं.

मे महिन्यात गरम पेयाची वासनाच होत नाही, तेव्हा हिम कामाला येतो. एक चमचा धने आणि अर्धा चमचा जिरं जाडसर कुटून एक पेला पाण्यात रात्री भिजत घालावं, सकाळी फडक्यातून गाळावं, खडीसाखर घालून प्यावं. अख्खे धने भिजवले तर सकाळपर्यंत पाणी जेमतेम वासाला लागतं, म्हणून कुटणं चुकवू नये. मात्र हिम सकाळी संपवावा. उकाड्यात दुपारपर्यंत ठेवला तर आंबूस होतो.

उपळसरी, म्हणजे अनंतमूळ, ही सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात मिळणारी दोरीसारखी बारीक मुळी. तिचा गोडसर गंध एकदा नाकात बसला की विसरत नाही. मूळ आहे म्हणून लोक ती उकळतात आणि तिथेच ती फुकट जाते. नियमाला हा एक सणसणीत अपवाद, कारण तिचा गंध मुळीच्या बाहेरच्या पातळ सालीत असतो आणि तो उडणारा आहे. मुळी धुऊन पाट्यावर हलकी ठेचली की आतली लाकडी काडी सुटते. काडी टाकून द्यावी. उरलेली साल, दोन पेल्यांना एक चमचा, गरम पाण्यात झाकून पंधरा मिनिटं किंवा गार पाण्यात रात्रभर. विकत घेताना तुकडा मोडून वास घ्यावा. वासाशिवायची मुळी म्हणजे नुसतं सरपण. आणि रानातून आणायची तर अख्खा वेल उपटू नये, एका बाजूची दोन मुळं घेऊन माती परत दाबावी. नाहीतर पुढच्या वर्षी तिथे काही उरत नाही.

जास्वंदीच्या आणि गोकर्णीच्या पेयांना हल्ली भाव आला आहे. गोकर्णीची निळी फुलं गरम पाण्यात निळा रंग सोडतात आणि लिंबू पिळलं की तो जांभळा होतो. पोरांना मौज वाटते. चव जवळपास नसते. अंगणातल्या लाल जास्वंदीच्या पाकळ्यांनाही फारसा आंबटपणा नाही. दुकानात आंबट लाल पेय म्हणून मिळतं ते लाल अंबाडीच्या बोंडांवरच्या मांसल लाल आवरणाचं, जास्वंदीच्या कुळातलं पण निराळं झाड. पाहुण्यांसाठी रंग हवा असेल तर गवती चहात गोकर्णीची दोन-तीन फुलं टाकावीत. चव पातीची, रंग फुलाचा.

साठवणीचा भाग कोकणात सगळ्यात कठीण. वर्षाला ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात जूनपासून सप्टेंबरपर्यंत काहीही वाळत नाही, वाळलेलं असेल तेही परत सादळतं. म्हणून जे ठेवायचं ते आगोटीच्या कामातच, पापड-कुरडया आणि सुक्या मासळीच्या बरोबरीने उरकावं. बरोबरीने म्हणजे एकाच पडवीत नव्हे. सुक्या बांगड्याच्या शेजारी वाळलेली तुळस बांगड्यालाच शोभते. पाती आणि पानं सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत. मेचं ऊन त्यांचं तेल ओढून घेतं आणि पान पिवळं पडतं. गवती चहाच्या अख्ख्या पात्यांची अंगठ्याएवढी जुडी बांधून उलटी टांगावी. जाड जुडी बाहेरून खडखडीत होते आणि मधून बुरसते. तुळस सुपात एकेरी पसरून, दिवसातून दोनदा हलवून. सालं, सुंठ आणि आमसुलं मात्र उन्हाचीच.

वाळलं की नाही याची एक खात्रीची परीक्षा आहे. पान मुठीत दाबलं की कडकडून चुरलं पाहिजे, लवलं तर कच्चं. त्यानंतर माल काचेच्या बरणीत भरून झाकण लावून रात्रभर ठेवावा. सकाळी काचेला आतून धूसर दमट थर दिसला तर माल पुन्हा बाहेर काढून वाळवावा. काहीच दिसलं नाही तर बरणी भरून, फडकं बांधून, चुलीच्या नाहीतर गॅसच्या जवळच्या पण वाफ न लागणाऱ्या फळीवर ठेवावी. प्लॅस्टिकच्या डब्यांना वास लागतो आणि त्यांची झाकणं पुरती बसत नाहीत. मोठ्या बरणीतून रोज काढण्यापेक्षा आठवड्याचा माल छोट्या डबीत घ्यावा. पावसाळ्यात झाकण उघडणं म्हणजे दमट हवेला आत बोलावणं. पाती बरणीत अख्खी ठेवावी, चुरा ऐन वेळी करावा. वाळलेल्या पानाचं माप ताज्याच्या साधारण एक तृतीयांश. कुबट वास आलेला माल परत उन्हात घालून वाचवायच्या भानगडीत पडू नये, फेकावा.

मिश्रणं करताना एक मुख्य, एक सोबतीचा आणि हवाच तर एक नखभर, एवढंच ठेवावं. पावसाच्या झडीत सुंठ मुख्य, पाती सोबतीला, दोन मिरीदाणे. थंडीत दालचिनीची साल मुख्य, तिचंच पान सोबतीला. आश्विनातल्या उन्हात बडीशेप आणि धने, वर वेलदोडा. लवंग, मिरी आणि आलं तिघंही तिखट, एकत्र आली की एकही ओळखू येत नाही. साल आणि पाती एकाच पेयात हवीत तर साल आधी उकळून घ्यावी, गॅस बंद केल्यावर त्याच पाण्यात पाती घालून झाकावी. दोन पायऱ्यांचं हे काम पंधरा मिनिटांत होतं आणि पेल्यात दोन्ही वेगवेगळ्या लागतात. मध घालायचा तर पेला ओठाला सोसेल इतका निवल्यावर.

कलमांच्या बागेत घर असेल त्यांनी एक पथ्य पाळावं. आंब्याला मोहोर धरल्यापासून फळ पोसेपर्यंत फवारण्या चालू असतात, काजूलाही होतात, आणि पंपाचा तुषार वाऱ्याने अंगणापर्यंत येतो. त्या महिन्यांत कलमाखालची तुळस आणि पाती तोडू नये. धुतल्याने सगळं जात नाही, काही औषधं पानात भिनतात. फवारणीच्या आधी तोडून वाळवून ठेवावं किंवा दोन कुंड्या घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवाव्यात.

अडुळसा, गुळवेल आणि ज्येष्ठमध यांना मी रोजच्या पेयात धरत नाही. अडुळशातल्या वासिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदरपणी तो वर्ज्य. गुळवेलीवरून २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं. वाद कोणाचाही खरा धरला तरी गडग्यावरचा कुठलाही वेल गुळवेल समजून महिनाभर पिऊ नये, एवढं त्यातून निघतंच. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं, तेव्हा दाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी गोडीसाठी तो रोज चघळू नये आणि उकळूही नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील त्यांनी आलं-दालचिनीचे पेले वाढवण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावं.

उरलेलं पेय गाळूनच ठेवावं. चोथ्यासकट ठेवलेला फांट तासाभरात कडू होतो. फ्रिजमध्ये एक दिवस टिकतो, पुन्हा प्यायचा तर कोमट करावा, उकळी आणू नये. पातीचा चोथा दुसऱ्यांदा काही देत नाही. माडाच्या आळ्यात टाकावा, गूळ घातलेला असेल तर नको, मुंग्या लागतात.